2 टनी ट्रॉली जॅक आणि स्टँडची जोडी: 8 महिने वापरल्यावर

गणपतीच्या आधी घेतला होता, आता आठ महिने होत आले म्हणून लिहितोय. गाडी वॅगन आर, घर सांगलीत विश्रामबागला. घ्यायचं कारण म्हणजे पावसाळ्यात मिरजेहून येताना पंक्चर झाली, गाडी कडेला घेतली आणि डिकीतला कात्री जॅक लावला, तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली चाललाय. आपल्याकडची काळी माती पावसात कशी होते ते माहीतच आहे. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्या मामांनी फळकूट दिलं तेव्हा कुठं चाक बदललं. त्याच आठवड्यात 2 टनी ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा, तेलाच्या दाबानं उचलणारा) घेतला, आणि दुकानदार नको नको म्हणत असताना स्टँडची, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या लोखंडी घोड्यांची, जोडी पण घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळे साधारण एकाच साच्यातले असतात.

उचलायच्या बाबतीत तक्रार नाही. गाडी 900 किलोच्या आतली, त्यातही एका वेळी सगळं वजन जॅकवर येत नाही, त्यामुळं 2 टन भरपूर होतो. दहा-बारा दांडे मारले की चाक हवेत. उतरवताना मात्र पहिल्यांदा दांडा जरा जास्त फिरवला आणि गाडी धाडदिशी खाली आली, आई आतून पळत आली. दांडा फिरवला की आतला तेलाचा व्हॉल्व्ह उघडतो, तो अगदी केसभर उघडायचा, ते हाताला बसायला दोन-तीन वेळा जातात.

खरी चूक मी मागची बाजू उचलताना केली. हँडब्रेक कचकन ओढला होता, मग काय टेन्शन म्हणलं. अहो पण हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो ना, आणि ती दोन्ही हवेत! पुढची चाकं मोकळी, गिअर न्यूट्रलला, गाडी चार बोटं पुढं सरकली आणि जॅक तिरका झाला. नशीब खाली कोण नव्हतं. तेव्हापासून मागं उचलायचं तर गिअर टाकायचा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, पुढं उचलायचं तर हँडब्रेक आणि मागच्या चाकांना ठोकळे. आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्यायचे, वर उचललेल्या गाडीला पान्यावर उभं राहून झटके द्यायचे नाहीत.

अजून एक गोष्ट कोण सांगत नाही. ट्रॉली जॅकचा हात गोलाईत वर येतो, म्हणून उचलताना जॅकला चाकांवर थोडं पुढं सरकावं लागतं. आमच्या पार्किंगला चौकटीच्या टाइल्स, त्यात वाळूचे खडे, एकदा जॅकचं चाक अडकलं आणि गाडीला टेकणारा जॅकचा पॅड जागेवरनं घसरायला लागला. आता आधी झाडू मारतो, मग जॅक. स्टँडचं उलट, त्याचे चार पाय बारीक, सगळा भार तिथंच, पहिल्याच महिन्यात एक टाइल तडकली (पप्पांनी अजून माफ केलेलं नाही). कपाटाचा उरलेला 18 एमएम प्लाय कापून खाली टाकला, मग त्रास नाही.

जागेचा घोळ पण आहे. मॅन्युअलमध्ये उचलायची जागा दाराखालच्या पत्र्याच्या कडेवर दोन खाचांच्या मध्ये दाखवलीय, आता तिथं जॅक लावला तर स्टँड कुठं लावणार? गाडीखाली जॅकसाठी दुसरी मजबूत जागा मॅन्युअलमध्ये दिली असेल तर जॅक तिथं लावायचा आणि स्टँड त्या खाचांच्या मध्ये. कुठल्याही पत्र्याखाली किंवा ऑइलच्या चेंबरखाली जॅक लावलात तर खर्च ठरलेला. कड वाकू नये म्हणून टायरवाल्याकडनं जाड रबराचा तुकडा आणला, त्यात खाच पाडली, ते भारी काम करतं.

आता मुख्य किस्सा. मार्चमध्ये पुढचे ब्रेक पॅड बदलत होतो, रविवार होता. स्टँड खाली सरकवला पण गाडी त्यावर टेकवली नाही, दोन बोटांची फट होती, म्हणलं हात धुवून येतो. आत रस्सा, त्यात डोळा लागला. दीड तासानं येऊन बघतोय तर फट गायब, गाडी गपचूप स्टँडवर येऊन बसलीय आणि जॅकखाली तेलाचा ओघळ. ना आवाज ना काय. स्टँड नसता तर चाक काढलेली बाजू सरळ जमिनीवर, आणि मधे मी असतो तर मी. जॅकच्या आत एवढीशी रबराची सील असते, ती झिजली की तेल सुटतं. सहा-सात महिन्यांत झिजायला नको होती, पण दुकानदार म्हणे सील वॉरंटीत येत नाही. कुपवाडला एका मिस्त्रींनी बदलून दिली. मी तेल कमी झालं म्हणून ब्रेक ऑइल टाकणार होतो तर ते ओरडलेच, "अहो तसलं कायतर घालू नका, सील फुगतं त्यानं, जॅकचंच तेल घाला." आणि तेल बदललं की व्हॉल्व्ह उघडून रिकामेच दांडे मारायचे, आतली हवा निघते.

शेजारचे काका सुरुवातीपासनं म्हणत होते, "दोन विटा लाव की, कशाला पैसे घालवतोस." वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक आधी वाकून इशारा देत नाही ओ, एकदम फुटतो.

स्टँडवर पण डोळे झाकून विश्वास नाही. माझे दातेरी पट्टीचे आहेत, दातात अडकून उंची धरणारी खिट्टी पूर्ण बसली का ते वाकून बघतो, मग गाडी टेकवून हातानं चांगली गदागदा हलवतो, आणि काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवतो. अमेरिकेत 2020 मध्ये हार्बर फ्रेट या हत्यारं विकणाऱ्या कंपनीनं लाखो स्टँड परत मागवले होते, खिट्टी दातात नीट अडकत नव्हती म्हणून. आडवी पिन घालायची सोय असलेले स्टँड थोडे महाग होते, तेच घ्यायला हवे होते. आणि स्टँडवरचा आकडा एकाचा की जोडीचा ते खोक्यावर वाचा, माझा जोडीचा निघाला.

चाकं अदलाबदल, पॅड, पंक्चर एवढं सगळं आता घरीच. ऑइल चेंज मात्र अजून गॅरेजलाच, कारण नुसता पुढचा भाग वर असला की गाडी तिरकी राहते, जुनं तेल सगळं उतरेलच असं नाही, आणि सपाट उचलायला अजून दोन स्टँड लागतील, त्याचं नाव सध्या पप्पांसमोर काढत नाही.