जुन्या पिकअपसाठी मोठ्या डिस्कचा ब्रेक संच : वापरानंतरचा अभिप्राय

भरलेली जुनी पिकअप लांब उतारावरून आणताना तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पेडल खोल जाऊ लागते, हा अनुभव वारंवार आल्यामुळे मी पुढच्या चाकांना मोठी डिस्क (चाकासोबत फिरणारी तबकडी), दोन पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), नवे पॅड आणि स्टीलच्या जाळीचे होज पाइप असा संच बसवून घेतला.

रिकाम्या गाडीत जोरात ब्रेक दाबला असता थांबण्याचे अंतर फारसे घटले नाही आणि ते स्वाभाविक आहे, कारण जुना ब्रेकही चाक जाम करू शकत होता. त्यापुढे टायरची पकडच निर्णायक ठरते. संचाचा खरा उपयोग उतारावर कळतो. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकत असल्याने त्या ऊर्जेची बरीचशी उष्णता पुढच्या डिस्कनाच सोसावी लागते. नवी डिस्क जड आणि हवा खेळेल अशी आहे. त्याच उतारावर, तेवढ्याच मालासह, आता शेवटच्या वळणापर्यंत पेडल खोल जात नाही.

याचे सगळे श्रेय मात्र डिस्कला देता येणार नाही. संच बसवताना ब्रेक ऑइलही नवे भरले गेले. हे ऑइल हवेतील ओलावा शोषत असते आणि तापून उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल खोल जाते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शिरलेल्यासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून ज्यांनी कित्येक वर्षांत ऑइल बदललेले नाही, त्यांनी आधी तेवढेच करून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

माझी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. नव्या पिस्टनांचे क्षेत्रफळ जास्त असल्याने त्यांना ऑइलही जास्त लागते आणि जुन्या मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबताच ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) पेडल लांब जाते, याचा त्यात उल्लेखही नाही. दोनदा ऑइलमध्ये अडकलेली हवा (एअर) काढूनही फरक पडेना, तेव्हा कारण लक्षात आले आणि मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर घ्यावा लागला. जुन्या रिममध्ये नवे कॅलिपर मावतात का, हेही खरेदीपूर्वीच मोजावे.

पहिल्या दिवशी मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक लावून मध्ये डिस्क थंड होऊ दिली. त्यानंतरच पॅड नीट बसले आणि सुरुवातीची थरथर गेली.