थंडरबर्डमधील फीड वाचक : नवशिक्यांना कितपत सोयीचा?

मराठीतले कित्येक चांगले ब्लॉग महिन्यातून एकदा, तर काही सहा महिन्यांतून एकदा लिहिले जातात. तेथे नवे काही आले का, हे रोज जाऊन पाहणे कोणालाच परवडत नाही, आणि समाजमाध्यमांवर त्याची खबर आपल्यापर्यंत पोहोचेलच याची शाश्वती नसते. फीडमुळे ही अडचण सुटते. संकेतस्थळ आपल्या ताज्या मजकुराची एक फाइल ठरावीक पत्त्यावर ठेवते आणि फीड वाचक ती अधूनमधून तपासून जे नवे असेल ते आपल्यापुढे आणतो. ही सोय १९९९ पासूनची आहे. फायरफॉक्सने २०१८ च्या अखेरीस आपल्यातील फीडची व्यवस्था काढून टाकली, परंतु त्याच घराण्यातील थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामने २००४ च्या पहिल्या आवृत्तीपासून आजतागायत ती टिकवून ठेवली आहे.

थंडरबर्ड मोफत आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो. पहिल्यांदा उघडताच तो ईमेलचे खाते मागतो; केवळ फीड वाचायचे असल्यास ती पायरी रद्द करता येते. त्यानंतर 'फाइल' मेनूतील 'न्यू' मध्ये जाऊन 'फीड अकाउंट' निवडावे (विंडोजवर हा मेनू दिसत नसल्यास ऑल्ट कळ दाबावी). खाते म्हटले तरी येथे कोठेही नावनोंदणी करावी लागत नाही. डावीकडे तयार झालेल्या खात्यावर उजवी क्लिक करून 'सबस्क्राइब' निवडले, की उघडणाऱ्या चौकटीत फीडचा पत्ता द्यायचा असतो.

नवशिक्याचे घोडे अडते ते या पत्त्यापाशी, कारण फीडचे नारिंगी चिन्ह आता बहुतेक संकेतस्थळांवर दिसेनासे झाले आहे. सुदैवाने मराठी ब्लॉग प्रामुख्याने ज्या दोन सेवांवर आहेत, त्यांचे नियम ठरलेले आहेत. वर्डप्रेसवरील ब्लॉगच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन रोमन लिपीत 'फीड' जोडले, की काम होते. ब्लॉगरवर त्याच जागी 'फीड्स', 'पोस्ट्स' आणि 'डीफॉल्ट' हे तीन शब्द मध्ये तिरक्या रेघा देऊन लिहावे लागतात. 'पोस्ट्स' ऐवजी 'कॉमेंट्स' लिहिल्यास संपूर्ण ब्लॉगवरील प्रतिक्रियांचे फीड मिळते. वर्डप्रेसवर तर एखाद्याच लेखाच्या पत्त्यापुढे 'फीड' जोडून केवळ त्या लेखाखालची चर्चा वाचता येते, हे अनेक जुन्या वाचकांच्याही गावी नसते.

वाचनाचा अनुभव पत्रपेटीसारखाच आहे. प्रत्येक फीडचा स्वतंत्र फोल्डर होतो, न वाचलेले लेख ठळक अक्षरांत दिसतात आणि लेखकाचे नाव पाठवणाऱ्याच्या रकान्यात येते. चर्चा वाचणाऱ्याला या रकान्याचा विशेष उपयोग आहे : एखाद्या लेखाखाली मोजकेच लोक मुद्द्याचे बोलत असतील, तर ईमेलला लावतो तशीच चाळणी (फिल्टर) लावून त्यांच्या प्रतिक्रियांवर तारांकन करता येते. फोनवरील पुष्कळ फीड ॲपमध्ये ही सोय एकतर नसते किंवा पैसे मोजून घ्यावी लागते. शिवाय मजकूर कालक्रमाने लागतो. काय वर दाखवायचे आणि काय दडवायचे, हे आपल्या वतीने दुसरे कोणी ठरवत नाही.

उणीव आहे ती मात्र किरकोळ नाही. वर्डप्रेसचे फीड, ब्लॉगचालकाने बदल केला नसेल तर, केवळ शेवटच्या दहा नोंदी देते आणि प्रतिक्रियांनाही तीच मर्यादा लागू असते. थंडरबर्ड फीड तपासतो तो आपला संगणक सुरू असतानाच. म्हणजे चार दिवस गावी गेलेल्या वाचकामागे एखाद्या वादग्रस्त लेखावर चाळीस प्रतिक्रिया पडल्या, तर परतल्यावर त्याच्या हाती शेवटच्या दहाच लागतील आणि मधल्या वाचण्यासाठी त्याला मूळ पानावरच जावे लागेल. फीडली किंवा इनोरीडर या सेवा हे काम आपल्या सर्व्हरवरून अखंड करत असल्यामुळे तेथे असे खंड पडण्याचा संभव फार कमी, आणि वाचलेल्या लेखांची नोंद फोन व संगणक दोन्हींवर सारखी राहते. थंडरबर्डची अँड्रॉइड आवृत्ती २०२४ मध्ये आली खरी, पण ती निव्वळ ईमेलसाठी आहे. त्यामुळे ज्यांचे सगळे वाचन फोनवरच होते, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

संथ गतीचे ब्लॉग आणि अधूनमधून होणारी चर्चा घरच्या संगणकावर बसून वाचणाऱ्यांना मात्र मी हाच पर्याय आधी सुचवेन. पुढे तो अपुरा वाटला, तर 'सबस्क्राइब' च्याच चौकटीतील 'एक्स्पोर्ट' वापरून सगळ्या पत्त्यांची ओपीएमएल (फीडच्या याद्यांसाठी रूढ असलेल्या स्वरूपाची) फाइल काढता येते आणि ती फीडली, इनोरीडर किंवा अन्य वाचकात जशीच्या तशी चढवता येते. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर हा गूगलचा फीड वाचक बंद झाला, तेव्हा लोकांनी आपल्या याद्या अशाच दुसरीकडे हलवल्या होत्या.