भाजलेल्या जखमेचे कल्चर: एका प्रयोगशाळेचा अनुभव

बंबातले उकळते पाणी आईच्या उजव्या पायावर सांडले, त्यानंतर चार-पाच दिवस जखम चांगली भरत होती. सहाव्या दिवशी ड्रेसिंग सोडले, तर गॉजवर निळसर हिरवा डाग पडलेला होता आणि पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येत होता. डॉक्टरांनी लगेच स्वॅब (जखमेवरून फिरवलेला कापसाचा बोळा) कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला आणि त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहायला, पाठवायला सांगितले. घराजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेतून ही तपासणी मी दोनदा करून घेतली. मी स्वतः महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे नुसत्या रिपोर्टावर माझे समाधान होणे अवघड होते, हे आधीच सांगते.

नमुना घ्यायला घरी आलेल्या मुलीने जखमेवरचे जुने मलम सलाइनने पुसून मगच स्वॅब फिरवला. पुष्कळ ठिकाणी ही काळजी घेतली जात नाही. रिपोर्ट तिसऱ्या दिवशी मिळाला आणि त्यात उशीर काहीच नव्हता, कारण जंतू वाढायला एक दिवस आणि औषधांच्या डिस्कभोवतीची (औषध लावलेल्या चकत्यांभोवतीची) जंतू न वाढलेली वर्तुळे मोजण्याजोगी व्हायला दुसरा दिवस लागतोच. 'स्यूडोमोनास एरुजिनोसा; इमिपेनेमला संवेदनशील', म्हणजे इमिपेनेम हे प्रतिजैविक या जंतूवर चालते, असे त्यात लिहिले होते. त्याप्रमाणे औषध सुरू झाले, मात्र सुरुवातीची सुधारणा चार दिवसांनी थांबली.

दुसऱ्या नमुन्याच्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी मला प्लेट (जंतू वाढवलेली बशी) पाहू दिली, याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. एका बाजूला मोठ्या, पसरट, हिरव्या कॉलनी (जंतूंचे पुंजके) होत्या, तर त्यांच्या आड लहान, गुळगुळीत, जवळजवळ रंगहीन कॉलनी दडलेल्या होत्या. दोन्ही वेगवेगळ्या तपासल्यावर लहान कॉलनीच्या जंतूंवर इमिपेनेमचा परिणाम होत नसल्याचे दिसले. मेरोपेनेम या त्याच गटातल्या औषधाच्या डिस्कभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ होते. स्यूडोमोनासमध्ये असा फरक दिसला की पहिला संशय ओपीआरडी या प्रथिनावर जातो. जंतूच्या बाह्य आवरणातल्या या दारातून इमिपेनेम आत शिरते, आणि त्याच्या जनुकात लहानसा बदल झाला तरी ते दार बंद होऊ शकते. मेरोपेनेमचे त्यावाचून तितकेसे अडत नाही.

असे बदललेले जंतू उपचार चालू असतानाही पुढे येतात, त्यामुळे पहिल्या वेळी प्रयोगशाळेची चूकच झाली असे मी म्हणणार नाही. पण पहिली प्लेट टाकून दिलेली होती आणि रिपोर्टात कॉलनी किती प्रकारच्या दिसल्या, चाचणीसाठी कोणती उचलली, याची नोंदच नव्हती. काउंटरवर विचारले, तेव्हा 'रिपोर्ट फायनल आहे' एवढेच उत्तर मिळाले. माझी खरी तक्रार हीच आहे.

जंतूचे नाव कळले म्हणजे जंतू कळला असे नसते, आणि भाजलेल्या जखमेच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. पीएओ१ हा या जंतूचा प्रसिद्ध वाण 1950 च्या दशकात मेलबर्नमधल्या एका रुग्णाच्या जखमेतून मिळाला. 2000 साली प्रसिद्ध झालेला त्याचा जनुकसंच डीएनएच्या सुमारे 63 लाख अक्षरांचा आहे. भाजलेल्या रुग्णाकडून मिळालेल्या पीए१४ या दुसऱ्या वाणाचा संच सुमारे 65 लाखांचा असून त्यात पेशींचे पडदे फोडणाऱ्या विषाचे एक्सोयू हे जनुक आहे, जे पीएओ१ मध्ये नाही. रिपोर्टावर मात्र दोघांचे नाव एकच येईल. नेहमीच्या प्रयोगशाळेने जनुकक्रम काढावा, अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. दिसेल त्या प्रत्येक प्रकारच्या कॉलनीची वेगळी चाचणी करून तसे लिहावे आणि उपचार संपेपर्यंत जंतू जपून ठेवावेत, एवढे तर त्यांच्या हातात आहे.

नमुना घेण्याची पद्धत, वेळ आणि डॉक्टरांचा मोकळेपणा यांसाठी मी या प्रयोगशाळेची शिफारस करीन. स्वॅबमध्ये जखमेच्या पृष्ठभागावरचेच जंतू येतात. संसर्ग खोल गेल्याची शंका असेल, तर ऊतीचा तुकडा तपासावा लागेल का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. आईचा तिसरा नमुना मी तिथेच दिला, जखमेच्या दोन जागांवरून आणि दोन वेगळ्या नळ्यांत. या वेळच्या रिपोर्टात 'कॉलनी: एकच प्रकार, दोन्ही नमुन्यांत' अशी ओळ न मागता छापलेली होती.