सातबारा स्वतःचा की गावाचा?

आपल्या शेताचा निर्णय आपणच घ्यावा, असे विदर्भातील प्रत्येक कास्तकाराला वाटते. परंतु हे स्वातंत्र्य वैयक्तिक मालकीत अधिक सुरक्षित राहते की ग्रामदानात, म्हणजे जमिनीची मालकी गावाकडे सोपवण्यात, याचे उत्तर सोपे नाही. स्वतःच्या नावाचा सातबारा असला की जमीन विकण्याची वा गहाण ठेवण्याची कागदोपत्री मोकळीक मिळते, पण कोरडवाहू कपाशी हातची गेली आणि कृषी केंद्राची उधारी थकली की ती मोकळीक बहुधा नाइलाजानेच वापरली जाते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने 2013 मध्ये, 1964 च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन, दुसरी वाट धरली. ग्रामदानात मालकी ग्रामसभेकडे जाते, वहिवाट मात्र कुटुंबाकडेच राहते आणि जमीन परस्पर बाहेरच्याला विकता येत नाही. शिवाय मेंढ्यात निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. त्यामुळे एकट्याचा नकारही मोलाचा ठरतो. (बैठका लांबतात, हे ओघाने आलेच.) जमीन विकून नागपुरात दुकान टाकू पाहणाऱ्या तरुणाला हे बंधन जाचक वाटेल.

माझ्या मते लहान, एकजिनसी गावात ग्रामदान उजवे आहे. जातीपातींत विभागलेल्या मोठ्या गावात मात्र सातबारा स्वतःच्याच नावावर असलेला बरा, विशेषतः एकट्या बाईचा.