एमबीबीएसच्या आधी एम.एस्सी. मेडिकल: तीन वर्षं घालण्यासारखी आहेत का?

अभ्यासक्रम म्हणून एम.एस्सी. मेडिकल (ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीसारख्या विषयातलं तीन वर्षांचं मास्टर्स) चांगला आहे. एमबीबीएसची पायरी म्हणून त्याचा उपयोग शून्य. सांगली-मिरज आणि कराड भागात बी.एस्सी. झालेल्या मुलांना "आधी मास्टर्स कर, मग मेडिकल सोपं जातं" असं कोणी ना कोणी सांगतंच, म्हणून हे आधीच स्पष्ट केलेलं बरं.

अमेरिकेत या सल्ल्याला अर्थ आहे. तिथे मेडिकलचा प्रवेश पदवीनंतर होतो आणि पदवीचे गुण, एमसीएटी या प्रवेश परीक्षेचे गुण (४७२ ते ५२८) आणि मुलाखत असं सगळं पाहतात. पदवीला गुण कमी पडले, तर एक-दोन वर्षांचं खास मास्टर्स करून अभ्यास झेपतो हे दाखवता येतं. अर्थात तिथेही मास्टर्सचे गुण अर्जात वेगळे दिसतात, पदवीच्या सरासरीत मिसळत नाहीत. आपल्याकडे गुणवत्ता यादी लागते ती नीट या प्रवेश परीक्षेत ७२० पैकी मिळालेल्या गुणांवर. बारावीला पीसीबीत (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीवला ४० टक्के असले की पात्रता झाली. पुढे एम.एस्सी.ला सुवर्णपदक मिळवलं तरी त्या यादीत एक गुणही वाढत नाही.

एम.एस्सी. करता करता नीट देऊ, हा हिशेबही जमत नाही. दिवसभर लेक्चर आणि प्रॅक्टिकल, वर हजेरीची अट. डिसेक्शन टेबलापाशी फॉर्मॅलिनच्या वासात उभं राहून ब्रेकियल प्लेक्ससची (हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची) एकेक फांदी सोडवायची, हे शिक्षण उत्तमच. पण नीटला ९० प्रश्न भौतिक-रसायनचे, म्हणजे ३६० गुण. जीवशास्त्राच्या उरलेल्या ९० प्रश्नांतही वनस्पतीशास्त्राचा वाटा मोठा. एम.एस्सी.चा अभ्यास कामी येतो तो फक्त मानवी शरीराच्या धड्यांना, आणि तिथेही प्रश्न एनसीईआरटीच्या ओळीवरून येतो, जाडजूड ग्रंथावरून नाही. पुढे एमबीबीएस मिळालंच, तर पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री पुन्हा पहिल्यापासून. कसलीही सूट नाही.

नीटची वयाची वरची अट २०२२ मध्ये निघाली, त्यामुळे दार बंद होत नाही. पण वर्षं मोजा: बी.एस्सी. संपते साधारण एकविसाव्या वर्षी, एम.एस्सी. चोविसाव्या, इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, म्हणजे तिशी उजाडली. एमडी त्यानंतर. ज्याला मुळातच प्रयोगशाळा, संशोधन किंवा अध्यापन करायचं आहे, त्याने मात्र एम.एस्सी. जरूर करावं, फक्त पुढे पीएच.डी. धरून चालावं.

एमबीबीएसच हवं असेल, तर एक वर्ष नीटलाच द्या. ते वर्ष द्यावं की नाही, हे ठरवायला गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका घ्या आणि ओएमआर शीटवर, काळ्या बॉलपेनने, घड्याळ लावून १८० मिनिटांत सोडवा. जीवशास्त्र ४५ मिनिटं, रसायन ५०, भौतिक ७०, उरलेली १५ गोल तपासायला. मग चुकांचे तीन ढीग करा: येतच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, वेळ पुरला नाही. दुसरा-तिसरा ढीग मोठा असेल, तर वर्ष नक्की सत्कारणी लागेल. चुकलेल्या उत्तराचे हुकलेले चार आणि कापलेला एक असे पाच गुण जातात, आणि ते सरावाने परत येतात. पहिला ढीग मोठा आणि तोही भौतिकशास्त्रात असेल, तर अकरावीच्या यांत्रिकीपासून शिकवणारी रिपीटर बॅच शोधा. नुसती टेस्ट सिरीज तिथे पुरत नाही. बॅच पाहायला जाल तेव्हा भिंतीवरचे टॉपरचे फोटो सोडा, टेस्ट झाल्यावर चुकलेला प्रश्न कोण आणि किती दिवसांत समजावून देतं ते विचारा. साठ-सत्तर मुलांत एकच शिक्षक शंका सोडवत असेल, तर तिथे शंका वहीतच राहतात.

आणखी एक, सीमेवरच्या आणि क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात गेलेल्या मुलांसाठी. राज्याच्या ८५ टक्के कोट्याला डोमिसाईल (अधिवासाचा दाखला) लागतं, शिवाय काही अपवाद सोडता दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते. बारावी बाहेरून केली असेल, तर हे आत्ताच तपासा. जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयरचे अर्जही निकालाची वाट न पाहता टाका. मे-जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लागते आणि कागद नेमका कॅप राउंडच्या (प्रवेश फेरीच्या) तोंडावर अडकतो.