ग्वाल्हेरचा किल्ला मारवाडात: वन आणि वन्यजीव प्रशिक्षणांची पारख

ग्वाल्हेरचा किल्ला ७८ अंश १० मिनिटं पूर्व रेखांशावर आहे. त्याच्या पश्चिमेला सुमारे १७ किलोमीटरवर ७८ अंशांची रेषा जाते. पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये सांगायची जी यूटीएम पद्धत, तिच्यातला ४३ वा झोन तिथे संपतो आणि ४४ वा सुरू होतो. किल्ल्याचा पूर्वेकडचा आकडा, म्हणजे झोनमधली त्याची पूर्व-पश्चिम जागा, ४४ मध्ये साधारण २ लाख १७ हजार मीटर येतो, तर ४३ मध्ये ८ लाख १६ हजारांच्या वर. ४४ मधला आकडा ४३ चं लेबल लावून नकाशावर टाकला, की किल्ला जवळजवळ ६०० किलोमीटर सरकतो आणि जोधपूरच्याही पलीकडे मारवाडात जाऊन बसतो.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण असं, की ग्वाल्हेरात वन्यजीव, पाणथळ किंवा जंगल यांच्या कामासाठी कुणी प्रशिक्षण विकत असेल, तर पैसे भरण्याआधी विचारायचा प्रश्न हाच: "इथली नकाशाची फाइल कुठल्या झोनमध्ये करायची?" कूनो आणि शिवपुरी ४३ मध्ये येतात, भिंड ४४ मध्ये आणि मुरैना जवळपास रेषेवरच. "सगळीकडे ४३ टाका" असं उत्तर देणाऱ्याने ही तालीम इंदूर-भोपाळकडे केलेली असते. बिंदू अक्षांश-रेखांशात साठवायचे, क्षेत्रफळ काढताना एकच झोन धरायचा आणि तो फाइलच्या नावातच लिहायचा, असं उत्तर आलं तर माणूस कामाचा आहे. ग्वाल्हेर शहरापुरता ४३ थोडा ताणून वापरला तरी अंतरात किलोमीटरमागे मीटरभराचाही फरक पडत नाही. घोळ होतो तो दोन झोनची सरमिसळ झाल्यावर.

आता पर्याय एकेक करून. वाचणारा कंत्राटी फील्ड असिस्टंट, जिवाजी विद्यापीठातला प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, संस्थेचा कार्यकर्ता किंवा खात्यातला वनरक्षक असेल, असं धरलं आहे.

फुकट आणि चांगलं: आयआयआरएस

देहरादूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंगचे, म्हणजे इस्रोच्याच संस्थेचे, आउटरीच कोर्स घरबसल्या आणि विनाशुल्क करता येतात. रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचणं), जीआयएस (संगणकावर नकाशाला माहिती जोडणं) आणि उपग्रह-स्थाननिश्चिती यांचा पाया इथे पक्का होतो. शिकवणारे रोज हेच काम करणारे शास्त्रज्ञ असतात. प्रमाणपत्र हजेरीवर मिळतं, म्हणून व्याख्यान चालू ठेवून चहाला गेलात तरी ते पदरात पडेल, हात मात्र कोराच राहील. व्याख्याने इंग्रजीत असतात. हिंदीत शिकलेल्या वनरक्षकाला पहिले चार दिवस जड जातात, नंतर शब्द कानावर पडून ओळखीचे होतात.

त्याच्या जोडीला क्यूजीआयएस हे जीआयएसचं मोफत सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून उघडून ठेवा. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. इथे आपल्या लोकांचा पाय एका ठरावीक खड्ड्यात पडतो. शेपफाइल या नकाशाच्या माहितीच्या फाइल-प्रकारात रकान्याच्या नावाला १० बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट खातं. म्हणजे तीन चिन्हांतच नाव संपतं. 'घडियाल' लिहायला काना-वेलांटी धरून सहा चिन्हं लागतात, त्यामुळे नाव अर्धवट कापलं जातं. अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली ते सांगणारी सोबतची सीपीजी फाइल हरवली तर आतला सगळा मजकूर प्रश्नचिन्हांनी किंवा ठिगळांनी भरतो. उपाय सोपा आहे. शेपफाइल सोडून जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारात काम करा. शेपफाइल देणं भागच असेल, तर रकान्यांची नावं रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवा. हे न सांगणारा जीआयएस कोर्स अपुराच समजावा.

एनपीटीईएल: अभ्यास उत्तम, नियम वाचून घ्या

स्वयंम-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावर आयआयटी कानपूरतर्फे भारतीय वन सेवेतले अंकुर अवधिया यांचा वन्यजीव परिसंस्थाशास्त्राचा कोर्स आहे. प्राण्यांची लोकसंख्या, वहनक्षमता (एक जंगल किती जनावरं पोसू शकतं), अधिवास हे विषय वनाधिकाऱ्याच्या नजरेतून येतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकी कोरडेपणा कमी वाटतो. नाव नोंदवायला काही पडत नाही. परीक्षेला बसायचं तर १००० रुपये भरावे लागतात आणि केंद्रावर जावं लागतं.

लोक नापास होतात ते बहुधा गुणांच्या नियमामुळे. एकूण १०० पैकी २५ गुण साप्ताहिक स्वाध्यायांना आणि ७५ परीक्षेला. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम ८ स्वाध्याय धरले जातात. प्रमाणपत्राला स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण दोन्हीकडे स्वतंत्रपणे लागतात. परीक्षेत ६० मिळवून स्वाध्यायांत ९ वर अडकलेल्याला कागद मिळत नाही. फील्डवर नेटवर्क नसणाऱ्याने शहरात येईल त्या दिवशी त्या आठवड्याचा स्वाध्याय उरकून टाकावा, कारण मुदत टळली की गेला तो गेला.

या कोर्सची उणीव उघडच आहे. चिखलात उभं राहून काय करायचं, ते व्हिडिओ शिकवू शकत नाही.

आयगॉट कर्मयोगी या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे कोर्स फक्त सरकारी नोकरांसाठी आहेत. ते छोटे असतात, सेवापुस्तिकेच्या दृष्टीने बरे, आणि पुष्कळसे टिचक्या मारत संपवता येतात. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा (स्थापना १९८२) रेंजरांसाठीचा तीन महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स आणि वरच्या अधिकाऱ्यांसाठीची सुमारे दहा महिन्यांची पदविका, हे देशातलं या क्षेत्रातलं सर्वात भक्कम शिक्षण. पण ते नोकरीतल्या अधिकाऱ्यांसाठी आहे आणि नाव खात्यामार्फत जातं. तुमचं नाव गेलं तर घरचं लग्नकार्यसुद्धा पुढे ढकला.

दोन-तीन दिवसांच्या खाजगी कार्यशाळा

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. पत्रकावर वाघाचा फोटो, हॉटेलचा हॉल, दुपारी पनीर, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. कुणाचं नाव घेण्याची गरज नाही, कारण दोष साच्यातच आहे. पत्रक हातात आलं की तीन गोष्टी विचारा: एका जीपीएसमागे किती माणसं, बाहेर किती तास, आणि शेवटी प्रत्येकाने स्वतः गोळा केलेल्या माहितीची फाइल मिळणार की नाही. एका यंत्रामागे चारांपेक्षा जास्त माणसं असली, तर चौघं शिकतात आणि बाकीचे फोटो काढतात.

जीपीएसवर पहिल्या तासाभरात शिकवायलाच हवी अशी गोष्ट म्हणजे अंश-मिनिटं आणि दशांश अंश यांतला फरक. २६ अंश १३ मिनिटं म्हणजे २६.२१७ अंश. वहीत कुणी २६.१३ लिहिलं तर बिंदू साडेनऊ किलोमीटर दक्षिणेला जातो, आणि नकाशा दिसायला अगदी व्यवस्थित असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

कॅमेरा ट्रॅपचं, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचं, सत्र असेल तर तो बांधून दाखवतात की तुमच्याकडून बांधून घेतात, ते पाहा. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लागतो, कारण वाघाचे पट्टे किंवा बिबट्याचे ठिपके दोन्ही कुशींवर वेगळे असतात आणि एकाच बाजूच्या फोटोवरून ओळख अर्धीच पटते. उंची साधारण गुडघ्याएवढी, ४० ते ४५ सेंटीमीटर. दोन्ही कॅमेरे अगदी समोरासमोर ठेवले तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जातो आणि फोटो पांढराफटक येतो, म्हणून किंचित तिरपे. तोंड उगवतीला किंवा मावळतीला केलं तर ऊन थेट भिंगावर येतं. समोरचं गवत विळ्याने काढलं नाही तर कार्ड हलत्या गवताच्या हजारो फोटोंनी भरतं. आणि घड्याळ. बॅटरी बदलल्यावर तारीख मूळ सेटिंगवर गेली आणि कुणी पाहिलं नाही, तर त्या कॅमेऱ्यावरून काढलेली वेळ आणि तारीख सगळी रद्दी. कॅमेरा लावताना आणि काढताना पाटीवर तारीख-वेळ लिहून ती पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची. एवढं केलं तरी पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

लाइन ट्रान्सेक्टवर, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेवर चालत जनावरं मोजताना, जीव खर्चायचा तो कोन आणि अंतर मोजण्यावर. चितळांचा कळप ६० मीटरवर आणि ३० अंशांवर दिसला, तर चालण्याच्या रेषेपासूनचं लंबांतर ६० गुणिले साइन ३०, म्हणजे ३० मीटर. कोन चुकून ४० वाचला तर तेच साडेअडतीस मीटर होतं. मोजायचं कळपाच्या मध्यापर्यंत, सर्वात जवळच्या जनावरापर्यंत नाही. कंपास मोबाइल आणि स्टीलच्या घड्याळापासून लांब धरायचा. नवशिक्यांच्या वहीत २०, ३०, ५० असे गोल आकडे साचलेले दिसले, तर तो अंदाज आहे, मोजमाप नव्हे. चांगला प्रशिक्षक त्याच दिवशी वही तपासतो आणि तिथेच कान उपटतो.

नदीवरचं प्रशिक्षण

ग्वाल्हेरची खरी मिरास चंबळ आहे. भोपाळ-इंदूरवाल्यांना हे दार इतकं जवळ नाही. मुरैना चाळीस किलोमीटरवर, आणि तिथे घडियाल, लाल माथ्याचं कासव, गंगेतला डॉल्फिन, पाणचिरा एकाच पाण्यात. एक शब्दांची गंमत इथेच सांगून टाकतो. हिंदीत डॉल्फिनला 'सूँस' म्हणतात आणि मराठीत घडियालला 'सुसर'. मराठी घरातल्या नवख्याने नावाड्याशी बोलताना हे डोक्यात ठेवावं, नाहीतर नोंदवहीत डॉल्फिनच्या रकान्यात सुसर येते.

घडियाल हिवाळ्यात मोजतात, कारण थंड पाण्यातून ते ऊन खायला वाळूवर येतात. डिसेंबर-जानेवारीत इथे दाट धुकं पडतं. म्हणून पत्रकात 'सकाळी ६ वाजता बोटीतून घडियाल गणना' असं छापलेलं असेल, तर लिहिणारा नदीवर फारसा गेलेला नाही. ऊन वर आल्यावर, साधारण दहानंतर, मोजणीला अर्थ येतो.

शिकण्याजोग्या खुब्या अशा. डावा-उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरतो. मुरैना-धौलपूर पट्ट्यात उजवा काठ मध्य प्रदेश आणि डावा राजस्थान. उलट दिशेला जाणाऱ्या बोटीत हे विसरलं की दोन राज्यांचे आकडे अदलाबदल होतात. बोट एकाच दिशेने न्यायची. जवळ जाताच घडियाल पाण्यात उतरतो आणि पुढे पुन्हा डोकं काढतो, म्हणून दुर्बिणीने लांबूनच मोजून घ्यायचं. पाण्यात उतरलेला किती वाजता, कुठे उतरला, ते लिहायचं, म्हणजे तोच पुन्हा मोजला जात नाही. नाकावर मडक्यासारखा फुगा असेल तर वाढलेला नर, हे सोपं. मादी आणि फुगा न आलेला नर यात मात्र घाई करू नये, 'अनिश्चित' हा रकाना लाज वाटण्यासाठी नसतो. पाणचिऱ्याच्या बाबतीत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं चंबळेवर काम आहे, त्यामुळे पक्ष्यांकडे कल असणाऱ्याने त्यांचे पक्षीविषयक कोर्स पाहून ठेवावेत.

मार्च-एप्रिलमध्ये मादी वाळूत अंडी घालते. मुरैनाजवळच्या देवरीच्या घडियाल केंद्रात अंड्यांतून पिल्लं काढून वाढवतात आणि लांबी सव्वा मीटरच्या घरात आली की नदीत सोडतात. अंडी हलवताना त्यांची वरची बाजू पेन्सिलीने खुणावून ती तशीच वर ठेवतात, कारण गर्भ आतल्या आवरणाला चिकटलेला असतो आणि अंडं उलटलं तर तो मरतो. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी ते ठरतं, म्हणून खड्ड्याची खोलीही जपावी लागते. हे सगळं पाहून शिकायचं, हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी किंवा घरटं विस्कटणं हेसुद्धा 'शिकारी'च्या व्याख्येत बसतं, आणि घडियाल पहिल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. 'पिल्लं हाताळण्याचा प्रत्यक्ष अनुभव' विकणारी खाजगी कार्यशाळा तुम्हाला गुन्ह्यात ओढते आहे, तिथे पैसे परत मागा. अभयारण्यात शिरायलाही कलम २८ ची परवानगी लागते. आयोजकाकडे तो कागद आहे का, ते निघण्याआधी पाहा, नदीच्या घाटावर नको.

शेवटी एक असा विषय, जो बहुतेक ठिकाणी दुपारच्या जेवणानंतरच्या अर्ध्या तासात गुंडाळतात: पंचनामा आणि जप्ती. बेकायदा वाळूचा ट्रॅक्टर किंवा मासेमारीचं जाळं पकडलं, तर जागेचे अक्षांश-रेखांश, वेळ, साक्षीदारांच्या सह्या आणि जप्त वस्तूंचं वर्णन त्याच जागी लिहायला हवं. रेंज ऑफिसात येऊन आठवणीने लिहिलेल्या कागदात वेळ जुळत नाही आणि बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. कोऱ्या फॉर्मवर प्रत्येकाकडून एक पूर्ण पंचनामा लिहून घेऊन तपासून देणारी कार्यशाळा सापडली, तर बाकीचं सगळं मध्यम असलं तरी ती घ्यावी.