त्याच न्यायाधीशांना विनंती, की खटला दुसरीकडे नेण्याचा अर्ज?

न्यायाधीशांचा कल समोरच्या बाजूकडे आहे असं वाटलं, की पक्षकाराची झोप उडते. त्याच्यापुढे मग दोन वाटा असतात.

पहिली, त्याच न्यायाधीशांना सुनावणीतून बाजूला होण्याची विनंती. ठोस, कागदावर दाखवता येणारं कारण असेल तर ही वाट सगळ्यात जलद. जानेवारी २०१९मध्ये अयोध्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. उदय लळित यांनी पूर्वी कल्याण सिंह (बाबरी मशीद पाडली गेली तेव्हाचे उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री) यांची वकिली केल्याचं ज्येष्ठ वकील राजीव धवन यांनी लक्षात आणून दिलं आणि लळित त्याच दिवशी बाजूला झाले. पण निर्णय ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांच्याच हातात. त्याच वर्षी भूसंपादनाच्या प्रकरणात न्या. अरुण मिश्रा यांनी अशी मागणी फेटाळली. नकारानंतर त्यांच्याच समोर उभं राहावं लागतं, हे अवघडलेपण मला फार मोठं वाटतं.

दुसरी वाट वरच्या न्यायालयाची. दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४खाली जिल्हा किंवा उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. फौजदारीत सत्र न्यायाधीशांकडे किंवा उच्च न्यायालयात. इथे निर्णय तिसरी व्यक्ती घेते, म्हणून तालुक्याच्या कोर्टातल्या पक्षकाराला मी हीच सुचवेन. वेळ आणि खर्च मात्र वाढतो.

कसोटी दोन्हीकडे एकच: पक्षकाराच्या मनातली भीती वाजवी हवी, प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध करावा लागत नाही. एखादा अंतरिम (अंतिम निकालाआधीचा) आदेश विरुद्ध गेला, एवढं कारण कुठेच पुरत नाही. त्यावर उपाय अपिलाचा.